कँडिड की पोझ? लग्नाच्या फोटोंबद्दल खान्देशातली घरं आम्हाला विचारतात ते प्रश्न

बुकिंगला येणारं जवळपास प्रत्येक घर हेच प्रश्न विचारतं आणि फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. आम्ही तिघं आहोत, मी, बायको आणि लाईट धरणारा एक पोरगा. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात लग्नं करतो. मधूनमधून नवीन शिकणारी पोरंही काहीबाही विचारतात, त्यांचेही प्रश्न यातच टाकलेत, त्यामुळे कुठे कुठे आकडे येतील, ते तुमच्या कामाचे नसतील तर पुढे जा.

कँडिड म्हणजे नेमकं काय हो? सगळे तेच म्हणतात.

समोरच्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे नसताना काढलेला फोटो, बस एवढंच. पण आजकाल कँडिड म्हणजे नवरी खिडकीकडे बघून हसतेय आणि पदर उडतोय असा फोटो, असं लोकांच्या डोक्यात बसलंय, आणि त्यातले बरेचसे "ताई जरा तिकडे बघा, हां, आता हळूच हसा, अजून एकदा" करून काढलेले असतात. ते फोटो वाईट नसतात, आम्हीपण काढतो, फक्त त्याला कँडिड म्हणून जास्तीचे पैसे लावत नाही.

मग तुम्ही कोणते काढता?

दोन्ही. आमचा हिशोब असा आहे की जागा आणि उजेड आम्ही ठरवणार, चेहरा नाही ठरवणार.

म्हणजे बघा, नवरी तयार होते ती खोली. कार्यालयात ती कायम सगळ्यात लहान खोली असते, त्यात दहा-बारा बाया, चार बॅगा, पलंगावर साड्यांचा ढीग, वर निळसर ट्यूबलाईट. आम्ही अर्धा तास आधी जातो, बॅगा एका कोपऱ्यात सरकवतो, ट्यूब बंद करतो, खिडकीचा पडदा बाजूला करून खुर्ची खिडकीपासून दोन-तीन फुटांवर तिरकी ठेवतो. एवढी सगळी दादागिरी करून झाली की मग तोंड बंद. त्यानंतर कुणाला काही सांगत नाही. बायको भिंतीला टेकून उभी राहते आणि दहाएक मिनिटांत सगळ्या विसरतात की इथे कॅमेरा आहे. पारोळ्याकडच्या एका लग्नात अशाच खोलीत नवरीची आई निऱ्या बसवत होती, ओठात तीन सेफ्टी पिना धरलेल्या, त्यामुळे बोलता येईना, तर नुसत्या भुवया वर करून मुलीला "सरळ उभी राहा" सांगत होती आणि मुलगी हसू दाबत होती. हे कोण सांगून करून घेणार? पण ट्यूब चालू असती आणि मागे उघडी बॅग दिसत असती तर तोच क्षण मोबाईलच्या फोटोसारखा दिसला असता.

पण पोझ म्हणजे खोटंच ना शेवटी?

नाही हो. आपल्या चाळीसगावचे केकी मूस (१९१२ ते १९८९) घ्या. बरीच वर्षं माणूस घराबाहेर पडला नाही, आणि घरात टेबलावर वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून अख्खे देखावे उभे करायचा आणि त्यांचे फोटो काढायचा. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात त्याला, त्यासाठीच नावाजले. चाळीसगाव स्टेशनजवळ त्यांचं घर आता संग्रहालय आहे, लग्नाला त्या बाजूला गेलात तर बघून या. त्यात सगळंच मांडलेलं, तरी कुणी खोटं म्हणत नाही.

दुसऱ्या टोकाला तो फ्रेंच आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८ ते २००४), फ्लॅश नाही, ५० एमएमची लेन्स, छोटा लायका कॅमेरा घेऊन रस्त्यावर. पण तोसुद्धा नुसता धावत सुटायचा नाही, आधी जिना किंवा भिंत अशी जागा हेरायची, फ्रेम पक्की करायची आणि मग कुणीतरी त्यात येण्याची वाट बघत उभं राहायचं. म्हणजे कंट्रोल त्याच्याकडेही होताच, फक्त तो माणसांवर नव्हता. लग्नाच्या मांडवात मला तरी हाच दुसरा रस्ता जास्त कामाला येतो.

आम्हाला फक्त कँडिडच हवंय. स्टेजवरचे रांगेतले फोटो नकोच.

असं म्हणणारी जोडपी आवडतात आम्हाला, पण आता मी ऐकत नाही. कारण एकदा ऐकलं होतं.

यावल तालुक्यातलं लग्न, नवरा-नवरी दोघं पुण्याला नोकरीला, म्हणाले ग्रुप फोटो एकही नको, आम्हाला कंटाळा येतो. आम्ही खूश, दिवसभर मोकळे फिरलो, फोटो पण भारी आले. दोन महिन्यांनी अल्बम गेला आणि चौथ्या दिवशी नवरीच्या वडिलांचा फोन. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "भाऊ, आम्ही पाची भाऊ एका जागी उभे आहोत असा एक तरी फोटो असेल ना?" शेताच्या बांधावरून त्यांच्यात वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, आणि त्या लग्नाला पाचही जण आले होते. मी सगळे फोल्डर उलटेपालटे केले. तिघं एका फ्रेममध्ये सापडले, चौथ्याचा खांदा. पाचवे पंगतीत वाढत होते. जोडप्याला हे माहीतच नव्हतं, कारण ते त्यांच्या लहानपणीचं भांडण.

तेव्हापासून जोडप्याशी बोलतो तसं दोन्हीकडच्या एकेका मोठ्या माणसाशीही फोनवर बोलतो, नानांशी, आबांशी, फुईशी (म्हणजे आत्याशी), जे कोण असतील ते. फोटोचं विचारत नाही, कोण कोण येणारे आणि कोण किती वर्षांनी येणारे एवढंच विचारतो.

ग्रुप फोटोंची यादी कशाला मागता? स्टेजवर येतील तसे काढा ना.

येतील तसे काढले तर तीन तास जातात आणि नवरा-नवरीचा चेहरा मेणाचा होतो. यादी दिली की दर ग्रुपला दोन मिनिटं, वीस ग्रुप म्हणजे चाळीस मिनिटं, संपलं. त्यानंतर आहेर द्यायला येणाऱ्यांचे फोटो आमचा एक जण काढत राहतोच, पण बाकीचे दोघं मोकळे होतात आणि मांडवात फिरतात, खरे फोटो तिथे असतात.

यादीत दोन गोष्टी बघा. म्हातारी माणसं आधी घ्या, त्यांना उन्हात ताटकळत ठेवू नका. आणि दोन्ही बाजूंचा एकेक असा माणूस द्या ज्याला सगळे चेहरे माहीत आहेत आणि ज्याचा आवाज मोठा आहे. मला तुमचे मोठे मामा कोण आणि मधले कोण हे कळत नाही. बहुतेक घरांत असा एक तात्या असतोच, त्याला हे काम द्या, तो पण खूश.

नवरदेव फोटोत ताठ होतो, काय करायचं?

हातात काम द्या. माणसाला चेहऱ्याचं टेन्शन नसतं, हातांचं असतं. हळद लागली की लिंबू टोचलेली कट्यार हातात असतेच, तिचं लिंबू सैल झालंय का बघ म्हणायचं, झाला फोटो. फेटा बांधणाऱ्याशी बोलत राहा म्हणायचं. "हसा" कधीच म्हणायचं नाही, हसा म्हटलं की माणूस फक्त दात दाखवतो, डोळे तिथेच. मित्रांना मागे उभं केलं तर ते आपोआप काहीतरी बोलतात जे इथे लिहिण्यासारखं नसतं आणि मग नवरदेव असा हसतो की बाशिंग हलतं.

माळ घालताना फोटो हुकला तर परत घालायला लावता का? भटजींना थांबवता का?

नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी हे केलंय, लाज वाटते सांगायला. एका लग्नात अंतरपाट पडला, नवरीने माळ घातली आणि ती नवरदेवाच्या फेट्यात अडकून अख्खा फेटा डोळ्यांवर आला. सगळा मांडव हसला, नवरी तोंडावर हात धरून हसली. आणि मी त्या वेळी काय करत होतो, तर लेन्स बदलत होतो. मग म्हटलं, "ताई, परत एकदा घाला ना." तिने घातली. दोघं असे उभे जसे शाळेच्या गॅदरिंगमध्ये बक्षीस घेतायत. फोटो एकदम शार्प आलाय. अल्बममध्ये त्यांनी तो घेतला नाही.

मग तो अंतरपाटाचा क्षण पकडायचा कसा? (हा शिकणाऱ्या पोरांचा प्रश्न, आणि माझा आवडता)

लग्न म्हणजे अचानक घडणाऱ्या गोष्टींचा धबडगा वाटतो पण तसं नाहीये. सगळा क्रम आधीच ठरलेला आहे, तो तुम्ही नाही, भटजींनी ठरवलाय. क्रम पाठ असेल तर फक्त माणसं कशी वागतील तेवढंच अचानक उरतं.

आधी भटजींना नमस्कार करा, नाव-गाव विचारा आणि हळूच विचारून घ्या की मंगलाष्टका किती म्हणणार. घरातल्या आत्या-मावश्या पण माईक घेणार असतील तर तेही विचारा, कारण मग मोजणी चुकते. प्रत्येक "सावधान"ला लोक अक्षता टाकतात, त्या पहिल्या एक-दोन वेळेला फोकस आणि उजेड बघून घ्या. अक्षता हवेत थांबलेल्या हव्या असतील तर शटरचा वेग १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद, पांढऱ्या रेघांसारख्या हव्या असतील तर १/६० च्या आसपास, पण मग तुमचा हात स्थिर हवा. ऑटोफोकस हवेतल्या अक्षतांवर किंवा मुंडावळ्यांवर उडी मारतो, म्हणून पॉइंट डोळ्यावर धरून ठेवा नाहीतर फोकस लॉक करा.

उभं राहायची जागा अंतरपाटाच्या कडेला, कापडाच्या रेषेत, म्हणजे दोघांचे चेहरे एकदम मिळतात. आम्ही दोघं असतो म्हणून मी नवरीच्या चेहऱ्यावर आणि बायको नवरदेवाच्या, एकमेकांच्या फ्रेममध्ये येणार नाही असे कोन आधीच ठरवतो. एकटे असाल तर ३५ एमएमची रुंद लेन्स लावून दोघं घ्या, लोभ करू नका. पाठीमागे मामा उभे असतात, त्यांचा चेहरा पण सोडू नका.

आणि एक खास गोष्ट सांगतो, जी कुठल्या क्लासमध्ये सांगणार नाहीत. दाराशी एक जण हातात रुमाल घेऊन उभा असतो, बँडवाल्याला खूण करायला. शेवटच्या मंगलाष्टकेला भटजींचा आवाज चढतो आणि त्या माणसाचा हात वर जायला लागतो. एक डोळा त्याच्यावर ठेवा. त्याचा रुमाल हलला की पुढच्या श्वासाला अंतरपाट गेलाच म्हणून समजा.

आमचा मुहूर्त मे महिन्यात दुपारी साडेबाराचा आहे. फोटो कसे येतील?

घामाघूम. मस्करी सोडा, आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ ला टेकतो, भुसावळ-जळगाव तर विचारूच नका, कॅमेरे गरम होऊन बंद पडतात, विशेषतः व्हिडिओ चालू असेल तर. आम्ही जास्तीचा कॅमेरा ओल्या टॉवेलखालच्या पेटीत ठेवतो, हसू नका.

खरा घोळ मात्र मांडवाच्या कापडाचा. वर लाल-पिवळं कापड असलं की खाली सगळी माणसं केशरी दिसतात, गोरा काळा सगळे एकच. ते कॉम्प्युटरवर पूर्ण निघत नाही, चेहऱ्याचा रंग बरोबर केला की साडीचा रंग बिघडतो. म्हणून मांडववाल्याला आधीच सांगा की स्टेज आणि होमाच्या वर तरी पांढरं छत टाका. पांढऱ्यातून ऊन गाळून खाली येतं आणि इतका मऊ उजेड मिळतो की फ्लॅश लागत नाही. आणि कापडांच्या मध्ये फटी ठेवू नका म्हणावं, फटीतून उन्हाचा पट्टा बरोबर नवरीच्या नाकावर पडतो, आजवर एकदाही तो पट्टा भटजींच्या पोथीवर पडलेला मी पाहिला नाही.

जमत असेल तर गोरज मुहूर्त घ्या. उन्हापायी बरेच जण आता घेतातच. संध्याकाळचा तो अर्धा-पाऊण तास आम्हाला काहीच करावं लागत नाही. पण मुहूर्त साडेसहाचा आणि वरात पारावरून निघाली साडेसातला, असं झालं तर तो उजेड गेला, आमच्या नावाने बोटं मोडू नका.

स्टेजमागे मोठी एलईडी वॉल लावतोय, चालेल ना?

चालेल पण मला आवडत नाही. चेहऱ्यावर जांभळा-निळा रंग मारते आणि फोटोत आडव्या पट्ट्या येतात. पोरांसाठी: सायलेंट शटर बंद करा, मेकॅनिकल वापरा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या दिव्यांसाठी शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्ट्या जातात, वॉलचं मात्र गणित वेगळं असतं, ते तिथेच दोन-चार फोटो काढून बघावं लागतं. निदान मंगलाष्टका चालू असताना त्यावर नवरा-नवरीचा प्रीवेडिंगचा व्हिडिओ फिरवू नका, लोक समोरचं खरं लग्न सोडून तिकडे बघतात.

हळदीला तुम्ही किती "सेट" करता?

सगळ्यात कमी. पाट कुठे मांडायचा एवढंच विचारतो, भिंतीला चिकटून नको, मागे दोन-तीन हात जागा सोडा आणि पार्किंगमधल्या गाड्यांकडे तोंड नको. रात्रीची हळद असेल तर डोक्यावरचा हॅलोजन बंद करून बाजूचा चालू ठेवायला सांगतो, डोक्यावरच्या उजेडाने डोळ्यांत खड्डे दिसतात.

बाकी हळद ही बायांची. तिथे आम्ही पाहुणे. जात्यावर हळकुंडं दळताना अहिराणी गाणी लागली की नवरीचं कोण बघतंय, एकेका म्हातारीच्या चेहऱ्यावर साठ वर्षं मागची हळद दिसते. बायको तिथे जमिनीवर बसते, खांबासारखी उभी राहत नाही, त्याने फार फरक पडतो. पाच-दहा मिनिटांनी कुणीतरी म्हणतंच, "मना बी एक काढ ना व माय," आणि मग समजायचं की आता आपल्याला घरात घेतलंय.

कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. तेल-हळद लेन्सला लागली तर पुसू नका, आधी फुंका, मग लेन्सच्या कापडाने. शर्टाने पुसणारे मी बघितलेत.

पाहुण्यांचे मोबाईल मध्ये येतात त्याचं काय?

काही नाही. पूर्वी चिडायचो. आता मोबाईल धरलेली मावशी पण फोटोत घेतो, तीही त्या दिवसाचाच भाग आहे. फक्त अंतरपाट, कन्यादान आणि सप्तपदी या तीन वेळेला पुढचे चार हात मोकळे ठेवा म्हणून भटजींनाच माईकवरून सांगायला लावतो. आमचं कुणी ऐकत नाही, भटजींचं ऐकतात.

व्हिडिओवाला दुसरा लावला तर?

लावा, पण आमची गाठ आदल्या दिवशी घालून द्या. मांडवात भेट झाली की भांडण ठरलेलं. त्याला हलता उजेड लागतो, सतत लाईट चालू हवा असतो, त्याचा गिंबलवाला (कॅमेरा हलू न देणारा दांडा घेऊन फिरणारा) माझ्या फ्रेममध्ये नाचतो, आणि माझा फ्लॅश त्याच्या व्हिडिओत चमकतो. दोघांपैकी एकाने दर विधीला मागे सरायचं, कोण कधी ते चहा पिताना ठरवता येतं.

वरातीत, डीजेसमोर नाचतानाचे फोटो?

इथे कंट्रोल विसरा. ३५ किंवा २४ लावून गर्दीत शिरायचं, शटर १/१५ पर्यंत खाली आणायचं, फ्लॅश रिअर कर्टनला ठेवायचा (शटर बंद होता होता उडतो तसा), म्हणजे दिव्यांच्या रेघा येतात आणि माणूस मात्र फ्लॅशने थांबतो. दहातले आठ फोटो टाकाऊ निघतील, निघू द्या.

एकच कडक नियम: घोडीच्या तोंडासमोर फ्लॅश मारायचा नाही. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली कितीही शिकवलेली घोडी असू दे, वरून डीजे, समोर फटाके आणि त्यात डोळ्यात फ्लॅश, बिथरली तर नवरदेव खाली. घोडीवाल्याशी आधी बोला, ती कुठल्या बाजूने दचकते ते त्यालाच माहीत असतं.

पाठवणीच्या वेळी रडतानाचे फोटो काढता का? आमच्या घरच्यांना आवडणार नाही कदाचित.

आवडणार नसेल तर आधी सांगा, आम्ही लांबून दोन-तीन काढून थांबू. नाही सांगितलं तर काढतो, पण ७०-२०० ची लांब पल्ल्याची लेन्स लावून लांबून. जवळ जाऊन रडणाऱ्याच्या तोंडासमोर लाईट धरणं मला जमत नाही.

याचा धडा मला अमळनेरकडच्या एका आजीने दिला. नात गाडीत बसली, आजी गाडीच्या दाराला धरून उभी, नऊवारीचा पदर तोंडात धरलेला, दुसरा हात नातीच्या गुडघ्यावर, तो हात थापटत होता, लहान पोराला झोपवतात तसा. उजेड मागून येत होता, सगळं जागेवर. आणि माझ्या तोंडातून गेलं, "आजी, जरा इकडे." तिने पदर सोडला, डोळे पुसले, ताठ उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. मी सांगितलं म्हणून हसली ती, पाहुण्याचा मान ठेवायला. हात गुडघ्यावरून निघाला तो निघालाच, गाडी सुरू झाली. माझ्याकडे त्या आजीचा हसरा फोटो आहे. नातीने तो फ्रेम करून लावलाय, तिला आवडतो, मी तिला काही सांगितलं नाही.

प्रीवेडिंगची गरज आहे का?

फोटोंसाठी नाही, ओळखीसाठी आहे. दोन तास आमच्यासोबत फिरलात की लग्नाच्या दिवशी आमचा कॅमेरा तुम्हाला टोचत नाही. जळगावात मेहरूण तलाव पहाटे बरा, धुळ्याला लळिंगचा किल्ला, नंदुरबारकडचे असाल तर तोरणमाळ, चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम. पाटणादेवी सुंदर आहे पण ते गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं, तिथे वनखात्याचे नियम पाळावे लागतात, धुराच्या नळकांड्या आणि ढोल घेऊन जाता येत नाही. आणि धुराच्या नळकांड्या एरवीही नकोत, कृपा करा. केळीच्या बागेत फोटो काढायला कुणी का सांगत नाही देवाला माहीत, तिथल्या हिरव्या उजेडासाठी बाहेरचे लोक पैसे देतील.

ड्रोन आहे का?

आहे, पण २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नोंदणी आणि पायलटचं सर्टिफिकेट लागतं, ते ज्याच्याकडे आहे त्यालाच आम्ही बोलावतो. जळगाव विमानतळाच्या आसपास कार्यालय असेल तर आधी नकाशावर झोन बघावा लागतो, परवानगी नसेल तर उडणार नाही, "दोन मिनिटं उडव ना भो, कोण बघतंय" म्हणू नका. आणि मंगलाष्टकांच्या वेळी तर मुळीच नाही, तो आवाज भटजींच्या वर जातो.

सगळे फोटो द्या ना, रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाईली) सकट. तुम्ही कोण निवडणारे?

मिटलेले डोळे, घास तोंडात असलेले काका, एकाच गोष्टीचे अकरा फोटो, हे घेऊन तुम्ही काय करणार? निवडणं हे पण आमचंच काम, अचानक घडलेलं जितकं नशिबाने मिळतं तितकंच ते नंतर कॉम्प्युटरसमोर बसून शोधावं लागतं. तरी निवडीच्या आधी कोणाचे फोटो नक्की हवेत ते सांगा, आम्ही शोधून देतो, जरा हलका असला तरी देतो.

पोरांनो, म्हणून सेकंदाला वीस-वीस फोटो मारत सुटू नका. बर्स्ट फक्त अंतरपाट, अक्षता आणि नाच यांना. बाकी वेळ डोळा लावून थांबा. सगळंच काढलं की बघायचं राहून जातं, आणि रात्री अडीच वाजता पाच हजार फोटो चाळताना कळतं की पाहिजे तोच नाहीये.

मुलीला जरा गोरी करा.

नाही. उजेड नीट असेल तर तिचा जो रंग आहे तो छानच दिसतो. पिंपल काढतो, तो आठ दिवसांत जाणारच असतो. रंग कुठे जाणार नसतो.

फोटो गेले, कार्ड खराब झालं असं होतं का?

होतं, म्हणून दोन कार्डवर एकदम सेव्ह होणारेच कॅमेरे वापरतो, आणि रात्री घरी पोचल्यावर झोपायच्या आधी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी. अल्बम तुमच्या हातात पडेपर्यंत कार्ड पुसत नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लग्न आहे, कधी बुक करायचं?

पाच-सहा महिने आधी, म्हणजे तुळशीचं लग्न झालं की लगेच. आखाजीला एका दिवसात इतकी लग्नं असतात की मीच एक, बायको एक अशी वाटणी करायला लोक सांगतात. ती आम्ही करत नाही. एकट्याने काढायचं म्हटलं की माणूस हुकायच्या भीतीने सगळ्यांना उभं करायला लागतो, इकडे बघा, तिकडे बघा, आणि मग वर लिहिलेलं सगळं पाण्यात.

तुमच्या जेवणाचं काय करायचं?

हे विचारणारी घरं आम्हाला फार आवडतात. पहिल्या पंगतीला आम्हाला बसवू नका, तेव्हा व्याही एकमेकांना आग्रह करत असतात, ते फोटो लागतात. कुणीतरी काका हाताला धरून "जेवाले बठ रे भाऊ, फोटो काय पळी जातस का" म्हणतातच, त्यांना नाही म्हणायला जिवावर येतं. आम्ही शेवटच्या पंगतीला बसतो. वरण-बट्टी तोवर राहते, घोटलेली वांगी मात्र हमखास संपतात, तेवढी तीन वाट्या आधी बाजूला काढून ठेवायला आचाऱ्याला सांगा.